गोठ्यात कालवड, घरात मुलगा

गेल्या महिन्यात आमच्या वाचक कट्ट्यावर एका थरारक कादंबरीची चर्चा ठेवली होती. नाव सांगत नाही, कारण असल्या पन्नास कादंबऱ्यांना तोच सांगाडा लागू पडेल. कुठेतरी डोंगरात एक गुप्त संस्था, जनुकं बदलून जन्माला घातलेली अचाट बुद्धीची मुलं, थंड डोळ्यांचा एक शास्त्रज्ञ, आणि शेवटच्या शंभर पानांत पळापळ. सांगलीतली वीस-बावीस माणसं दोन तास तावातावानं बोलली. निवृत्त मुख्याध्यापक सर म्हणाले, "देवाच्या कामात माणसानं हात घातला की हे असंच होणार." पुण्यात आयटीत नोकरी करणारा एक मुलगा म्हणाला, "सर, मोबाइल आला तेव्हाही तुम्ही असंच काहीतरी म्हणाला असणार." हशा पिकला. मग एक बाजू निसर्ग, धर्म आणि मर्यादा यांवर बोलत राहिली, दुसरी प्रगती आणि स्वातंत्र्य यांवर. चहा झाला, भडंग संपलं, आणि दोन्ही बाजू आपण जिंकलो असं समजून घरी गेल्या. मी मात्र गाडीला किल्ली लावून बराच वेळ तशीच उभी होते. अकरावी-बारावीला पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय. वाद विज्ञानाचा आहे म्हणून चार शब्द बोलावेत असं वाटत होतं, पण वाद विज्ञानाचा नव्हताच. ती मुलं मागितली कुणी, हा प्रश्न दोन तासांत एकानंही विचारला नाही.

असल्या कादंबऱ्यांची गंमत अशी की त्यांत मुलं असतात, पण त्यांना आई-बाप नसतात. आजी नसते, आत्या नसते, "पहिली मुलगीच आहे ना?" असं विचारणारी शेजारीण नसते. सगळा दोष एका वेड्या शास्त्रज्ञाच्या डोक्यावर ठेवला की वाचणारा मोकळा. माझं म्हणणं असं की हवं तसं मूल घडवण्याचा धोका प्रयोगशाळेत जन्मत नाही, तो दिवाणखान्यात जन्मतो. प्रयोगशाळा फक्त माल पुरवते. शास्त्रज्ञाला घाबरून आपण चुकीच्या माणसावर पहारा बसवतोय, आणि हे निदान सांगली-साताऱ्याच्या माणसाला तरी कळायला हवं. हवं ते मूल निवडायचं आणि नको ते खुडून टाकायचं हा प्रयोग जगात ज्या थोड्या ठिकाणी मोठ्या प्रमाणावर झाला, त्यांत आपला कृष्णाकाठ आहे. आपण तो केला आणि पचवला. आणि आता परदेशी कादंबरी वाचून अंगावर काटा आणतोय.

जरा मागं जाऊ. १९७५च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये गर्भजल तपासणी सुरू झाली ती गर्भातले जनुकीय दोष शोधण्यासाठी. हेतू चांगला, यंत्रणा सरकारी, डॉक्टर नामांकित. कादंबरीतल्या खलनायकाचा मागमूस नाही. पण त्या तपासणीत आणखी एक गोष्ट कळत होती, आणि आलेल्या आई-बापांना तीच हवी होती. काही वर्षांत ही तपासणी मुंबईच्या खासगी दवाखान्यांत आली. 'आत्ता ५०० रुपये खर्च करा, पुढचे ५०,००० वाचवा' अशा जाहिराती उघड झळकल्या. पुढचे ५०,००० म्हणजे हुंडा, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. गुप्त संस्था नाही, काटेरी कुंपण नाही, भिंतीवर रंगवलेली जाहिरात. महिला संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी रान उठवलं तेव्हा १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा. तोवर सोनोग्राफी तालुक्याच्या गावी पोचली होती. सुई नको, वाट पाहायला नको, आणि "काय आहे" ते डॉक्टरांनी तोंडानं सांगायलाही नको. पेढा की जिलबी, एवढी खूण पुरे. २००३च्या दुरुस्तीनं गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आणली, कारण तंत्र एक पायरी मागं सरकून शुक्राणू आणि भ्रूणापर्यंत पोचलं होतं. कायदा पुढं आणि विज्ञान मागं असं यात एकदाही झालं नाही. पण विज्ञानाच्याही पुढं कायम एकजण उभा होता, गिऱ्हाईक.

मग आकडे आले. निसर्गाच्या हिशेबानं हजार मुलग्यांमागं साधारण साडेनऊशे मुली जन्मतात. २००१च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण राज्यात ९१३ होतं, साताऱ्यात ८७८, सांगलीत ८५१, कोल्हापुरात ८३९. दुष्काळी, अडाणी, मागास म्हणून ज्यांना आपण नाकं मुरडतो त्या जिल्ह्यांचे हे आकडे नव्हेत. ऊस, दूध, द्राक्षं, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि साहित्य संमेलनं यांचे हे जिल्हे. २०११ला सांगली ८६७वर आली, राज्याच्या ८९४पेक्षा तरी खालीच. त्याच वर्षी ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची नावं समारंभानं बदलली गेली. तोवर त्यांचं नाव नकुशा किंवा नकुसा होतं, म्हणजे नको असलेली. हजेरीत रोज सकाळी बाई "नकुशा" म्हणणार आणि पोरीनं "हजर" म्हणायचं. आणि मार्च २०१७मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, उपसा सिंचन योजनेमुळे ज्याचं नाव जत-कवठ्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी पाण्यासारखं येतं त्या गावात, एका विवाहितेच्या मृत्यूनंतर तपास झाला आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण निघाले. तेव्हा सगळ्यांनी त्या डॉक्टरला नराधम म्हटलं. म्हणायलाच हवं होतं. पण त्या १९जणींच्या घरची माणसं गाडी करून, नातेवाइकांकडून पत्ता काढून, पैसे मोजून तिथपर्यंत गेली होती. त्यांना शोधत कुठली पळापळ झाली नाही. कादंबरीतला शास्त्रज्ञ सापडतो तिथं गोष्ट संपते, आपल्याकडंही तिथंच संपवली.

हे माझ्याच घरी कसं दिसतं ते सांगते. माझं माहेर पलूसच्या बाजूला. गेल्या श्रावणात गेले होते तेव्हा भावाची गाय माजावर आली होती. कांडी भरणारा, म्हणजे कृत्रिम रेतन करणारा, आला, मोटारसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधलेलं. झाकण काढल्यावर पांढरी वाफ उसळली. चिमट्यानं त्यानं एक बारीक कांडी उचलली, कोमट पाण्याच्या थर्मासात घातली, घड्याळ बघत उभा राहिला. भाऊ अभिमानानं म्हणाला, "ताई, ही साधी नव्हं. कालवडीची कांडी हाय. नव्वद टक्के कालवडच." लिंग निवडलेलं वीर्य, आता सरकारी योजनेतही मिळतं. आई ओट्यावर गवार मोडत बसली होती. म्हणाली, "गोऱ्हा घिऊन काय करायचं? दूध देतोय व्हय?" दारात भावाची सून उभी होती, पाचव्या महिन्याची. तिची चार वर्षांची पोर कांडीवाल्याच्या भांड्यातली वाफ पकडायला बघत होती. आईनं नातसुनेकडं बघितलं आणि तितक्याच सहजपणे म्हणाली, "आता घरात तेवढा एक पांडुरंग येऊ दे म्हंजे झालं." गोठ्यात कालवड, घरात मुलगा. तंत्र एकच, बोट दाखवलं तिकडं जाणारं. गाईला दूध आहे म्हणून कालवड हवी, मुलीला हुंडा आहे म्हणून मुलगा हवा. कांडीवाल्याला यात काही मत नव्हतं. त्यानं काम केलं, पैसे घेतले, दुसऱ्या वस्तीवर गेला.

आता विरोधी बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करते. 'देवाच्या कामात हात' या मुद्द्यात मला दम वाटत नाही, आणि त्या आयटीवाल्या मुलाचं निम्मं बरोबर होतं. ३ ऑक्टोबर १९७८ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणलं, जगातल्या पहिल्या बाळानंतर ७० दिवसांनी. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. सरकारी समितीनं दावा झिडकारला, बदली झाली, आणि १९८१च्या जूनमध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून जन्मलेलं बाळ पहिलं म्हणून गाजलं. पुढं १९९७ला याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रं तपासली आणि पहिला मान त्यांचा, असं स्वतः जाहीर केलं. एवढा दिलदारपणा आपल्या साहित्यविश्वात तरी मी पाहिलेला नाही. सांगायचा मुद्दा असा की काचेत गर्भ धरणं हेही एकेकाळी राक्षसी वाटत होतं, आणि आज गल्लीतल्या कुणाच्या तरी घरी त्यातून जन्मलेलं पोरगं क्रिकेट खेळतंय. भीती वाटते एवढ्यावरून एखादं तंत्र वाईट ठरत नाही. पण यातून 'मग सगळंच चालेल' असं निघत नाही. काचेतला गर्भ मूल नसलेल्यांना मूल देत होता. कसलं मूल, हा प्रश्न त्यानं विचारला नव्हता. तो प्रश्न आपण विचारला, आणि यंत्राला उत्तर द्यायला लावलं.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे, आणि तो मला रात्री झोपू देत नाही असं म्हटलं तरी चालेल. थॅलेसेमियाचं मूल ज्यांच्या घरी आहे त्यांना विचारा. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त, त्यातून अंगात साठणारं लोह काढायला औषधं, आणि प्रत्येक वेळी रक्तगट जुळवायची धावपळ. माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी होता. प्रात्यक्षिकाला सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी दाखवायचा दिवस आला की मी त्याची नजर चुकवायची. अशा आई-बापांना जनुक दुरुस्त करू नका, निसर्गाची मर्यादा पाळा, असं कुणी सांगायचं? कोणत्या तोंडानं? मी नाही सांगणार. आणि सांगायची गरजही उरलेली नाही. २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटननं सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी क्रिस्परचा, म्हणजे जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्राचा, पहिला उपचार मंजूर केला. रोग्याच्याच मज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, त्यांतल्या जनुकाची कळ बदलायची आणि परत घालायच्या. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. तेव्हा ज्यांच्या गावात सिकलसेल आहे त्या नंदुरबार-गडचिरोलीच्या पोरापर्यंत तो कधी पोचणार, हा संताप खरं तर या चर्चेत व्हायला हवा होता. पण हा उपचार एका शरीराचा आहे, त्या माणसाबरोबर संपणारा. कादंबरीतली मुलं वेगळी. त्यांच्यातला बदल भ्रूणात केलेला, म्हणजे त्यांच्या मुलाबाळांत उतरणारा. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला हा फरक सांगावा लागणार नाही. एका वेलीवर डावणी आली म्हणून औषध मारणं वेगळं, आणि जिच्या काड्या काढून तालुकाभर कलमं होणार ती मातृवेलच बदलणं वेगळं. पहिल्यात चूक झाली तर एक वेल जाते.

ही दुसरी चूक घडूनही गेली आहे. २०१८च्या नोव्हेंबरात चीनच्या 'हे च्यानक्वेई' नावाच्या संशोधकानं जाहीर केलं की त्यानं भ्रूणातलं सीसीआर५ नावाचं जनुक बदलून जुळ्या मुली जन्माला आणल्या, एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून. वडिलांना एचआयव्ही होता. पण वीर्य धुऊन घेण्याच्या साध्या पद्धतीनं बाळाला लागण टाळता येत होतीच, म्हणजे गरज नव्हती. आणि बदलही हवा तसा झाला नव्हता. २०१९च्या अखेरीस त्याला तीन वर्षांची कैद झाली. लोक त्याला खलनायक म्हणतात, आहेच. पण त्याच्याकडं गेलेलं जोडपं कुणी पळवून आणलेलं नव्हतं. समाजानं ज्या आजाराचं नाव काढायचीही चोरी करून ठेवलीय, त्याच्या भीतीपोटी ते गेलं होतं. तिथंही दार उघडलं ते आतून.

तिसरा मुद्दा आमच्या कट्ट्यावरच आला होता आणि टाळ्या घेऊन गेला. "श्रीमंतांची मुलं आज तरी कुठं बरोबरीनं धावतात? कोटाचे क्लास, इंटरनॅशनल स्कूल, घोडेस्वारी. जनुकं ही त्याच यादीत आणखी एक." बोलायला चटपटीत आहे. पण क्लासला दांडी मारता येते. मी शिकवलेल्या निम्म्या पोरांनी मारली आणि त्यांतली बरीच सुखी आहेत. पेशीला दांडी मारता येत नाही. शिवाय जे विकलं जाणार आहे तो मालच मुळात खोटा आहे. उंची हा सगळ्यांत सोपा गुण मानतात, मोजपट्टी लावली की झालं. २०२२मध्ये ५४ लाख माणसांच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा उंचीशी संबंधित सुमारे १२,००० जागा सापडल्या. त्याआधी २०१९मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला होता की दहा भ्रूणांतून सर्वांत 'उंच' ठरणारा निवडला तरी सरासरीपेक्षा फायदा होतो तो साधारण अडीच सेंटीमीटरचा. चपलेचा सोल तेवढा असतो. बुद्ध्यांकाचंही तसंच, अडीच गुण. कादंबरीतला सहा वर्षांचा महागणिती पोरगा विसरा. तरीही अमेरिकेत भ्रूणांची अशी गुणपत्रिका करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. आपल्याकडं आल्या तर चालतील? धावतील! ज्या प्रदेशात 'तेजस्वी संतती'चे गर्भसंस्कार वर्ग भरतात, पत्रिकेत एकनाड निघाली तर संततीला बाधा म्हणून स्थळ मोडतं आणि त्याच घरात सख्ख्या मामाची मुलगी मात्र हक्कानं सून होते, तिथं गुणपत्रिका विकायला विक्रेता लागणार नाही. आणि यादी काय असेल तेही मला पाठ आहे. भाचीचा बायोडेटा टाइप करताना 'सावळी' खोडून 'निमगोरी' मीच लिहिलं होतं. ताईनं सांगितलं म्हणून नव्हे, ताईनं सांगायच्या आधी.

मागणी नोंदवून आणलेल्या मुलाचं पुढं काय होतं, याची एक जुनी गोष्ट आपल्याकडंच आहे. द्रोणानं अपमान केला म्हणून द्रुपदानं यज्ञ मांडला. त्याला मुलगा हवा होता तो द्रोणाला मारणारा, बाकी कशाला नव्हे. आगीतून धृष्टद्युम्न निघाला तो चिलखत घालूनच. त्याला बालपण नाही, छंद नाही, बापाच्या सुडाखेरीज चरित्र नाही. द्रोणाकडंच तो धनुर्विद्या शिकला, आणि शस्त्र खाली ठेवून बसलेल्या त्याच गुरूचं डोकं उडवून त्यानं ऑर्डर पुरी केली. पुढं अश्वत्थाम्यानं त्याला रात्री झोपेत गाठून मारलं. त्याच यज्ञातून, कुणी न मागता, एक मुलगीही बाहेर आली. महाभारत घडलं ते तिच्यावरून, आणि भर सभेत धर्म म्हणजे काय हा प्रश्न विचारला तोही तिनंच. व्यासांना काय सुचवायचं होतं ते व्यास जाणोत. पण मागून आणलेल्या भावापेक्षा न मागता आलेली बहीण मला कायम जिवंत वाटत आली आहे.

"हे सगळं हिटलरच्या वाटेनं जाणार" असंही एकजण म्हणाले. हिटलर आला की चर्चा संपते म्हणून तो मला आवडत नाही. चांगला वंश पैदा करायचा हे वेड, गॅल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८३ साली त्याला 'युजेनिक्स' म्हणजे सुप्रजनन असं नाव दिल्यापासून, सभ्य, सुशिक्षित, सुधारक माणसांचं होतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यानं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला तो १९०७ला, आणि १९२७ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं असा कायदा वैध ठरवला. त्याच १९२७ साली इथं शेजारी कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या ना. सी. फडक्यांनी भारतात सुप्रजननाची चळवळ हवी म्हणून इंग्रजीत एक आख्खं पुस्तक लिहिलं. गुलाबी कादंबऱ्या लिहिणारे आपले फडके! त्यांना मी खलनायक ठरवत नाही. संततिनियमनाचा उघड पुरस्कार करायला त्या काळी छाती लागत होती, र. धों. कर्व्यांनी त्यापायी खटले सोसले. पण बाईच्या सुटकेसाठी चाललेल्या गाडीत 'उत्तम प्रजा' नावाचा प्रवासी बिनतिकीट बसला होता, तो कुणी उतरवला नाही. तोच प्रवासी जातीच्या समर्थनालाही आला, रक्तशुद्धीसाठी जात हवी म्हणून. याला सडेतोड उत्तर दिलं बाबासाहेबांनी, १९३६च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये. एवढ्या शतकांच्या निवडीतून जर श्रेष्ठ वंश तयार व्हायचा होता तर मग ही खुजी, दमसास नसलेली, नव्वद टक्के सैन्यालाही नालायक ठरणारी प्रजा कुठून आली, असं त्यांनी विचारलं. जनुक हा शब्द आपल्या बोलण्यात यायच्या कितीतरी आधी, आपण हजारएक वर्षं जुळवून-जुळवून मुलं पैदा करतोय आणि हाती काय लागलं, एवढाच तो सवाल होता. कुलीन स्थळ शोधणाऱ्यांनी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

मग बंदी घालायची का? भ्रूणात वंशपरंपरेनं उतरणारा बदल करायला आपल्याकडं मूळ पेशी संशोधनाच्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई आहेच, आणि कृत्रिम प्रजनन तंत्रांच्या २०२१च्या कायद्यानं भ्रूणांची जनुकीय तपासणी आनुवंशिक आजारांपुरती मर्यादित केली आहे. दोन्ही असावं, तत्त्वांचाही कायदा व्हावा. आजार कुठं संपतो आणि आवडनिवड कुठं सुरू होते ही रेघ मात्र मलाही नेमकी काढता येत नाही. जन्मतः ऐकू न येणं आजार आहे की निराळेपण, यावर मूकबधिरांच्या शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण आणि मी अजून भांडतोय. पण बंदीच्या भरवशावर राहणाऱ्यांनी सोनोग्राफीकडं बघावं. गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणारा एफ फॉर्म नीट भरलेला आणि निदान अंगणात गाडीत बसून, असं वर्षानुवर्षं चाललं. डॉक्टर मंडळी म्हणतात, फॉर्ममधल्या कारकुनी चुकीपायी प्रामाणिक माणूस तुरुंगात जातो. काही वेळा ते खरंही असेल, पण २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं ती सबब फेटाळली, कारण त्या फॉर्मखेरीज दुसरा पुरावाच हाती लागत नाही. ज्यांनी खरोखर पकडलं ते साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांच्या दलित महिला विकास मंडळासारख्यांनी, गरोदर बाईला बनावट गिऱ्हाईक म्हणून आत पाठवून. आणि त्या कायद्यातलं एक कलम मला सगळ्यांत शहाणं वाटतं, चोविसावं. तपासणीला आलेल्या बाईला नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असं न्यायालयानं गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. कायदा लिहिणाऱ्याला घर माहीत होतं. उद्या भ्रूणांच्या गुणपत्रिकांचा कायदा लिहिणाऱ्याला ते माहीत असेल का? की तो कादंबरी वाचून आलेला असेल आणि फक्त प्रयोगशाळेच्या फाटकावर शिपाई नेमेल?

भावाच्या सुनेला पौषात दुसरी मुलगी झाली. कुणी काही बोललं नाही, वाईट तर नाहीच. जिलबी मात्र दोनच किलो आणली होती, पहिल्या खेपेला पाच होती. बारशाला आईनं स्वतः कानात नाव सांगितलं, चांगलं नाव आहे. परवा भावाचा फोन आला. गाय व्याली, गोऱ्हा झाला, दहातला तो एक. आता काय करणार विचारलं तर गप्प राहिला. तेवढ्यात आईनं त्याच्या हातून फोन ओढून घेतला. "त्या कांडीवाल्याला बोलवून घ्या म्हणतीय मी. पैसं परत द्यायला सांगा." मागं गोठ्यात ते वासरू हंबरत होतं, आणि थोरली पोर ओरडत होती, "आज्जी, बघ की, उभं राह्यलं!"